सुई टोचण्याआधी: कमरेच्या हाडातली गाठ कशी ओळखतात आणि तिच्यावर काय करतात

नगर जिल्ह्यात कंबर दुखायला कारण शोधावं लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसं कोयता घेऊन घर सोडतात, पुढचे पाच-सहा महिने वाकून ऊस तोडतात आणि मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवतात. राहाता, संगमनेर, कोपरगावकडे गोठा असतो, दुधाचे कॅन असतात, लाईट रात्री आली की पाणी भरायला जायचं असतं. मग कुणी ‘खुब्यात कळ येतेय’ म्हणालं की घरचे, शेजारचे आणि कधी कधी डॉक्टरही आधी कामाकडे बोट दाखवतात. चमक भरली असेल, गादी सरकली असेल, नस दबली असेल, वात असेल. बहुतेक वेळा हे खरंही असतं.

हा लेख उरलेल्या थोड्यांसाठी आहे. त्यांचं दुखणं स्नायूत किंवा मणक्यात नसतं, कमरेच्या हाडातच गाठ झालेली असते. आज या गाठींवर उपचार आहेत, पाय वाचवणाऱ्या शस्त्रक्रियाही आहेत. पण या आजारात कुठली पायरी आधी आणि कुठली नंतर याला फार महत्त्व आहे. एक पायरी चुकीच्या ठिकाणी उरकली गेली तर पुढचा सगळा उपचार अवघड होतो. ती पायरी म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढणं. तिच्याकडे येण्याआधी हाडांची रचना समजून घेऊ.

कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की दोन्ही बाजूंना जी पसरट हाडं हाताला लागतात, ती इलियम. बसल्यावर ज्यांच्यावर भार येतो ती इश्चियम. पुढे ओटीपोटाच्या तळाशी दोन्ही बाजूंनी येऊन मधोमध जुळतात ती प्युबिस. लहान मुलांत ही तीन हाडं वेगळी असतात. वयात येताना ती खुब्याच्या वाटीत सांधली जाऊन एक होतात. मागच्या बाजूला दोन्ही इलियमच्या मध्ये सॅक्रम, म्हणजे त्रिकास्थी, घट्ट बसलेलं असतं आणि त्याच्या टोकाला माकडहाड. या सगळ्या कड्याला श्रोणी किंवा पेल्व्हिस म्हणतात. धडाचं वजन कण्यातून सॅक्रममध्ये येतं, तिथून सॅक्रोइलिअ‍ॅक सांध्यातून इलियममध्ये, मग खुब्याच्या वाटीत आणि शेवटी मांडीच्या हाडात उतरतं. हा मार्ग लक्षात ठेवायला हवा. शस्त्रक्रियेत काय काढलं तर माणूस चालू शकतो आणि काय काढलं तर अडतो, हे या मार्गावरूनच ठरतं.

कड्याच्या आत मूत्राशय, गुदाशय, स्त्रियांमध्ये गर्भाशय आणि अंडाशय असतात. पायांकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या इथूनच जातात आणि अंगठ्याएवढी जाड सायटिक नस इथूनच बाहेर पडते. बाहेरून जाड स्नायूंचं आवरण असतं. त्यामुळे गुडघ्याजवळ आलेली दोन सेंटिमीटरची गाठ आंघोळ करताना हाताला लागते, पण श्रोणीतली गाठ आतल्या मोकळ्या जागेत दहा-बारा सेंटिमीटर वाढली तरी बाहेर काही दिसत नाही. इथल्या गाठी उशिरा सापडतात त्याचा दोष रुग्णाला देऊ नये. ही जागाच तशी आहे.

गाठ म्हणजे कर्करोगच असं नाही. हाडात सुरू होणारा कर्करोग मुळात दुर्मिळ आहे. सगळ्या कर्करोगांत त्याचा वाटा एक टक्काही नसतो आणि त्यातले साधारण दहा ते पंधरा टक्के श्रोणीत होतात. कोणता आजार असेल याचा पहिला अंदाज वयावरून बांधतात. शाळकरी आणि कॉलेजच्या वयातल्या मुलांमध्ये युइंग सार्कोमाचा विचार आधी होतो. जेम्स युइंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९२१ मध्ये त्याचं वर्णन केलं. हा आजार फसवा आहे. ताप येतो, पांढऱ्या पेशी वाढतात, जागा गरम लागते, आणि सगळ्यांना वाटतं की हाडात पू झाला. त्याच वयात ऑस्टिओसार्कोमाही होतो, पण त्याची आवडती जागा गुडघा आहे. वीस ते चाळीस वयात जायंट सेल ट्यूमर दिसतो. तो कर्करोग नव्हे, पण हाड पोखरण्यात कमी नाही. चाळिशीनंतर कूर्चेपासून होणारा कॉन्ड्रोसार्कोमा येतो आणि श्रोणी हे त्याचं नेहमीचं घर आहे. सॅक्रममध्ये पन्नाशी-साठीत कॉर्डोमा होतो. तो वर्षानुवर्षं हळू वाढतो आणि रुग्ण बद्धकोष्ठ, मूळव्याध, बसताना दुखणं अशा तक्रारी घेऊन फिरत राहतो. अशा माणसाची गुदद्वारातून बोट घालून साधी तपासणी केली तर सॅक्रमच्या पुढे आलेला टणक फुगवटा बहुतेक वेळा बोटाला लागतो. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. तरी संकोचापोटी ती तपासणी राहून जाते याची हळहळ वाटते.

वय झालेल्या माणसाच्या श्रोणीत खराब हाड दिसलं तर पहिली शंका हाडात सुरू झालेल्या गाठीची नसते. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडच्या कर्करोगाने तिथे मुक्काम केला आहे का, हे आधी पाहतात. मायलोमा हा हाडांच्या मगजातल्या पेशींचा कर्करोगही याच वयातला. कंबरदुखी, रक्त कमी होणं आणि मूत्रपिंडावर ताण ही त्रयी दिसली की तो आठवावा.

आणि मग गाठ नसलेले, पण गाठीसारखे दिसणारे आजार आहेत. आपल्याकडे सगळ्यात वरचा नंबर क्षयरोगाचा. टीबी खुब्याच्या आणि सॅक्रोइलिअ‍ॅक सांध्यात होतो, हाड खातो, गळू करतो. त्यामुळे एमआरआयच्या रिपोर्टात ‘टीबी किंवा गाठ’ असं लिहून येतं. घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो. टीबीला कर्करोग समजून घर हादरतं, किंवा गाठीला टीबी समजून तुकडा न तपासताच औषधं सुरू होतात आणि पाच-सहा महिने निघून जातात. दुसऱ्या प्रकारात नुकसान फार मोठं. तरुण मुलाची कंबर पहाटे आखडलेली असते आणि हालचाल केल्यावर मोकळी होते, तिथे अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस हा संधिवात असू शकतो. घराबाहेर कमी पडणाऱ्या, वारंवार बाळंतपणं झालेल्या बायकांत ‘ड’ जीवनसत्त्व इतकं घटतं की प्युबिसच्या हाडाला बारीक चिरा पडतात. त्या चिरा फोटोत भीतिदायक दिसतात आणि औषधाने भरून येतात. स्टिरॉइड जास्त घेतलेल्यांत किंवा दारूच्या व्यसनात मांडीच्या हाडाचा गोळा रक्ताविना वाळतो.

आणखी एका आजाराचा उल्लेख या जिल्ह्यासाठी मुद्दाम करायला हवा. जामखेड, कर्जत, पारनेरच्या माळावर मेंढपाळी जुनी आहे. मेंढरं आणि कुत्री जिथे एकत्र असतात तिथे हायडॅटिड हा कृमीचा आजार होऊ शकतो. तो बहुधा यकृतात किंवा फुप्फुसात होतो, क्वचित हाडात. हाडांत शिरला तर मणक्यानंतर श्रोणीतच जास्त सापडतो. या आजाराच्या द्रवाने भरलेल्या गाठीला बेसावधपणे सुई लागली तर जिवावर बेतेल अशी अ‍ॅलर्जी येऊ शकते. म्हणून घरी मेंढरं आहेत का, कुत्रा आहे का, हे डॉक्टरांनी विचारावं. त्यांनी नाही विचारलं तर रुग्णाने आपण होऊन सांगावं.

कोणत्या दुखण्याने सावध व्हावं? कामाने आलेलं दुखणं आडवं झाल्यावर कमी होतं. गाठीचं दुखणं आडवं झाल्यावर थांबत नाही, उलट रात्री जागं करतं. गोळीने दबतं, पुन्हा उठतं आणि आठवड्यागणिक वाढत जातं. चालताना पाय ओढला जाऊ लागतो. एकाच पायावर सूज येते, कारण आतली शीर दाबली गेलेली असते. लघवीला जोर करावा लागतो किंवा शौचाची जाणीव कमी होते. वजन उतरतं. लहान मूल लंगडतं आणि त्याला पडल्याचं कुणालाच आठवत नाही. यातलं काहीही तीन-चार आठवडे टिकलं तर फोटो काढावा; लघवी-शौचाचा त्रास असेल तर तेवढीही वाट पाहू नये. तोवर त्या जागेवर जोराचं मालीश, शेकणं किंवा हाड बसवणाऱ्याकडून ओढाताण करून घेऊ नये. पोखरलेलं हाड त्यात मोडू शकतं.

जामखेडला रजनीकांत आणि मेबेल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बहुतेक कमी शिकलेल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. मला वाटतं, अशा आजारात अशाच माणसाचा उपयोग जास्त होतो. रात्री दुखतं का, हा प्रश्न ओसरीवर बसून विचारणारी बाई गावात असेल तर पहिला फोटो काही महिने आधी निघतो.

पहिला फोटो म्हणजे श्रोणीचा साधा एक्स-रे, दोन्ही खुबे एकाच फिल्मवर येतील असा. तालुक्याच्या गावी तो काही शे रुपयांत होतो. इथे एक गफलत वारंवार होते. पायात कळ जाते म्हणून सायटिका ठरतो, सायटिका म्हणून मणक्याचा एमआरआय होतो, त्यात एखादी गादी थोडी सरकलेली दिसतेच, आणि तिच्यावर उपचार सुरू होतात. मणक्याच्या एमआरआयची चौकट सॅक्रमच्या वरच्या भागापाशी संपते. इलियम आणि खुबा तिच्यात नीट येतच नाहीत. मणक्यावरच्या उपचाराने सायटिका हटत नसेल तर श्रोणीचा फोटो काढून घ्यायला हरकत नाही, हे रुग्णानेही डॉक्टरांना म्हणावं. ते उद्धटपणाचं ठरत नाही.

एक्स-रेलाही मर्यादा आहेत. हाडातला तीस ते पन्नास टक्के चुना गेल्याशिवाय पोकळी फोटोत उमटत नाही आणि सॅक्रमवर आतड्यातल्या वायूची सावली पडते. फोटो चांगला आला, पण रात्रीचं दुखणं थांबत नाही, तर पुढे जायलाच हवं. फोटोत डॉक्टर काही ठरावीक गोष्टी पाहतात. पोकळीला पांढरी रेखीव कड असेल तर गाठ हळू वाढणारी. कड पुसट, हाडाचं कवच फुटलेलं, तर घाई करायला हवी. कूर्चेच्या गाठीत मक्याच्या लाह्यांसारखे पांढरे ठिपके विखुरलेले दिसतात. प्रोस्टेटचा कर्करोग हाड दाट पांढरं करतो, मूत्रपिंडाचा आणि थायरॉइडचा हाड विरघळवतो.

त्यानंतर संपूर्ण श्रोणीचा एमआरआय. गाठ मगजात किती लांब पसरली, खुब्याचा सांधा सुटला की धरला गेला, सायटिक नस आणि मोठ्या रक्तवाहिन्या किती जवळ आहेत, हे त्यातून कळतं. सीटी स्कॅन हाडाचं कवच बारकाईने दाखवतो. छातीचा सीटीही करतात, कारण हाडाचे सार्कोमा फुप्फुसात आधी जातात. बाकी शरीरासाठी बोन स्कॅन किंवा पेट-सीटी. रक्तात हिमोग्लोबिन, ईएसआर, अल्कलाइन फॉस्फेटेज, एलडीएच, कॅल्शियम, क्रिएटिनिन, पुरुषांत पीएसए, आणि मायलोमाची शंका असेल तर प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस. कॅल्शियम वाढलेलं असेल तर रुग्णाला फार तहान लागते, पोट साफ होत नाही, तो बरळतो. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात घालावं.

इथपर्यंतच्या बऱ्याच तपासण्या जिल्ह्यात किंवा शेजारी होतात. नगरचं जिल्हा रुग्णालय आहे, लोणीला प्रवरेचं रुग्णालय आणि १९८४ मध्ये सुरू झालेलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालय आहे, शिर्डीत साईबाबा संस्थानची रुग्णालयं आहेत. त्यांचा पुरेपूर उपयोग करावा. पण फोटोत आणि एमआरआयमध्ये गाठीची शंका पक्की झाली की थांबावं. तुकडा काढण्याआधी थांबावं.

या जागी मी सगळ्यात जास्त जोर देणार आहे, म्हणून कारण नीट सांगतो. बायोप्सीची सुई गाठीत जाऊन बाहेर येते तेव्हा तिच्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडलेल्या असू शकतात. पुढे शस्त्रक्रियेत गाठीबरोबर ती वाटही कापून काढावी लागते. म्हणजे शल्यचिकित्सक पुढे चीर कुठे घेणार, ते आधी ठरायला हवं आणि सुई त्या रेषेवरच जायला हवी. श्रोणीत ही रेषा साधारणपणे इलियमच्या कडेने मागून पुढे येते आणि तिथून जांघेच्या रेषेने प्युबिसकडे जाते. कुल्ल्यातून सरळ सुई घालणं सगळ्यात सोपं दिसतं. पण कुल्ल्याचा मोठा स्नायू आणि त्यावरची कातडी हाच शस्त्रक्रियेनंतरची भली मोठी जखम झाकणारा पडदा असतो. त्यातच पेशी सांडल्या तर तो पडदा टाकून द्यावा लागतो, आणि वाचू शकला असता असा पाय जाण्याची वेळ येते. सॅक्रमच्या गाठीत गुदाशयातून सुई घातली तर गुदाशयही काढायच्या यादीत जातो.

हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. अमेरिकेत हाडांच्या कर्करोगाच्या शल्यचिकित्सकांनी हेन्री मँकिन यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये ३२९ रुग्णांच्या बायोप्सींची तपासणी केली आणि १९९६ मध्ये पुन्हा ५९७ रुग्णांची. जिथे पुढचा उपचार होणार होता त्या केंद्राऐवजी आधीच्या रुग्णालयात बायोप्सी झाली, तेव्हा चुका आणि गुंतागुंती दोनपासून बारा पटींपर्यंत जास्त निघाल्या. दुसऱ्या पाहणीत १८ जणांचा अवयव बायोप्सीमुळे झालेल्या गोंधळापायी कापावा लागला होता. हे त्या देशातल्या सुसज्ज रुग्णालयांचं चित्र आहे. म्हणून नगरच्या रुग्णाने मुंबई-पुण्याचा प्रवास तुकडा काढल्यानंतर नाही, त्याआधी करावा. ‘आधी इथेच तुकडा काढू, रिपोर्ट आला की पाठवू’ हे ऐकायला सोयीचं असतं, पण ती सोय महागात पडते. त्याहून वाईट म्हणजे टीबीचा पू समजून चीर घेऊन गाठ खरवडणं.

बायोप्सी स्वतः मोठी गोष्ट नाही. सीटीच्या मदतीने, जागा बधिर करून, जाड सुईने काही तुकडे काढतात. रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. तुकड्यांचे दोन वाटे करायला हवेत. एक फॉर्मलिनमध्ये, पेशी पाहायला. दुसरा साध्या सलाईनमध्ये, टीबी आणि इतर जंतूंच्या तपासणीला. फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, म्हणून सगळा माल त्यात टाकला तर टीबीचा कल्चर करता येत नाही आणि सुई पुन्हा टोचावी लागते. पेशींचे खास रंग आणि जनुकाची तपासणी व्हायला दोन-तीन आठवडे जातात. युइंगमध्ये अकराव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल शोधतात. हे आठवडे घरच्यांना जड जातात, पण ते वाया गेलेले नसतात.

निदान झाल्यावर उपचाराची वाट आजाराप्रमाणे पार बदलते. युइंग आणि ऑस्टिओसार्कोमामध्ये आधी काही महिने केमोथेरपी, मग गाठीवर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन, मग उरलेली केमो. सगळं मिळून वर्षाच्या आसपास. युइंगवर रेडिएशनचा चांगला परिणाम होतो. रुग्ण त्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात. वाटीजवळची गाठ असेल तर शस्त्रक्रियेऐवजी किंवा तिच्या जोडीला तो देतात. नेहमीचा कॉन्ड्रोसार्कोमा केमोला दाद देत नाही आणि रेडिएशनलाही फारशी नाही. तिथे नीट कापून काढणं हाच उपचार. जायंट सेल ट्यूमर खरवडून काढतात. फार मोठा असेल तर डेनोसुमॅबचं इंजेक्शन देऊन किंवा त्याचा रक्तपुरवठा आतून बंद करून आधी त्याला आवरतात. कॉर्डोमा काढता येईल तेवढा काढतात. प्रोटॉन किरणांचा त्यात उपयोग होतो आणि खारघरला टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयाच्या अ‍ॅक्ट्रेक केंद्रात ती सोय २०२३ पासून सुरू झाली आहे. हायडॅटिडला अल्बेंडाझोल आणि शस्त्रक्रिया. टीबीला किमान वर्षभराची औषधं, आणि ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

केमो सुरू होण्याआधी एक प्रश्न विचारायचा राहून जातो. या औषधांनी आणि ओटीपोटावरच्या रेडिएशनने पुढे मूल होण्याची शक्यता कमी होऊ शकते. तरुण मुलाचं वीर्य आधी गोठवून ठेवता येतं. मुलीचं अंडाशय किरणांच्या वाटेतून बाजूला सरकवता येतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलासमोर आईबाप हे बोलायला लाजतात. डॉक्टरांनीच तो विषय काढावा, आणि नाही काढला तर घरातल्या एखाद्या मामा-मावशीने काढावा. केमो सुरू झाल्यावर ती संधी बहुतेक निघून जाते.

आता शस्त्रक्रिया. १८९१ मध्ये व्हिएन्नात शल्यचिकित्सक बिलरोथ यांनी पायासकट अर्धी श्रोणी काढण्याचा प्रयत्न केला, रुग्ण वाचला नाही. १८९५ मध्ये बर्नला जिरार यांना यश आलं. पुढची अनेक दशकं श्रोणीतल्या कर्करोगाचा अर्थ बहुधा पाय गमावणं असाच होता. केमो, सीटी आणि एमआरआय आल्यावर हाड काढून पाय ठेवणं शक्य झालं. विल्यम एनेकिंग आणि डनहॅम यांनी १९७८ मध्ये या शस्त्रक्रियांची जी विभागणी केली तीच आजही वापरतात. पहिला प्रकार इलियमचा, दुसरा खुब्याच्या वाटीचा, तिसरा प्युबिस आणि इश्चियमचा, चौथा सॅक्रमचा.

वजनाचा मार्ग लक्षात असेल तर पुढचं आपोआप उलगडतं. तिसऱ्या प्रकारातलं हाड वजनाच्या मार्गावर नाही. ते काढलं तर त्या जागी काही बसवावं लागत नाही, फक्त पोटातले अवयव खाली उतरू नयेत म्हणून जाळी लावतात, आणि माणूस चांगला चालतो. पहिल्या प्रकारात वाटीचं छत आणि सॅक्रम यांच्यातला दुवा तुटला तर पायातलं फिब्युला हाड घेऊन तो सांधतात. सॅक्रममध्ये प्रश्न नसांचा असतो. दुसऱ्या क्रमांकाच्या दोन्ही नसा आणि तिसऱ्यापैकी निदान एक राखता आली तर लघवी-शौचावरचा ताबा बहुतेक टिकतो. त्याहून वर कापावं लागणार असेल तर ते रुग्णाला आधी स्पष्ट सांगून, त्याची तयारी करूनच करतात.

सगळ्यात अवघड दुसरा प्रकार, कारण सांधाच जातो. बसवायला कृत्रिम वाटी आहे, सीटीवरून त्या रुग्णापुरती थ्री-डी छापलेली धातूची श्रोणी आहे. काढलेलंच हाड स्वच्छ करून त्याला ५० ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच मोठा रेडिएशनचा डोस देऊन, पेशी मारून, पुन्हा जागेवर बसवण्याची पद्धत आहे. दात्यांची हाडं वापरता येतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात अशी टिश्यू बँक १९८८ पासून आहे. आणि काहीच न बसवण्याचाही पर्याय आहे. मांडीचं हाड वर सरकून कापलेल्या हाडाशी घट्ट व्रणाने जोडलं जातं, पाय काही सेंटिमीटर आखूड होतो, बुटाला उंची द्यावी लागते, बहुधा काठी लागते. नातेवाइकांना हा पर्याय अर्धवट उपचारासारखा वाटतो, तसा तो नाही. इथली जखम मोठी, शस्त्रक्रिया तासन्‌तास चालणारी, रक्त बरंच जाणारं, गुदद्वार जवळ, आणि केमोने प्रतिकारशक्ती खाली गेलेली. त्यामुळे जंतुसंसर्ग ही इथली नेहमीची अडचण आहे. महागडा धातू आत असताना पू झाला तर तो काढावा लागतो आणि केमो लांबते. साध्या पर्यायात हा धोका कमी. जो कर्करोगापासून वाचवेल आणि पुन्हा ऑपरेशनला आणणार नाही तो पर्याय चांगला. चालण्यातली थोडी लचक त्यापुढे मान्य करण्यासारखी आहे.

घरी आल्यावर आपल्याकडच्या सवयी आड येतात. मांडी घालून आणि उकिडवं बसणं बहुतेकांना जमत नाही. शौचालयासाठी कमोडची खुर्ची, झोपायला पलंग, जेवायला टेबल किंवा उंच पाट याची सोय रुग्ण दवाखान्यात असतानाच करून ठेवावी. फिजिओथेरपी काही महिने चालते. जड ओझं आणि ऊसतोड पुन्हा होणार नाही हे घराने लवकर स्वीकारावं. दुकान, शिलाई, डेअरीचा हिशेब अशी बसून करायची कामं होतात.

दुसरीकडून आलेल्या कर्करोगात ध्येय वेगळं असतं: दुखणं थांबावं, हाड मोडू नये, माणूस चालता राहावा. ८ ग्रेचा रेडिएशनचा एकच डोस वेदनेवर अनेक दिवसांच्या डोसांइतकाच काम करतो. लांबून येणाऱ्या रुग्णाला याचा अर्थ एक खेप, तीन आठवड्यांचा मुक्काम नव्हे. असा एकच डोस चालेल का, हे जरूर विचारावं. हाड बळकट ठेवणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड देण्याआधी दात दाखवून घ्यावेत, नाहीतर जबड्याच्या हाडाला इजा होऊ शकते. आणि मॉर्फिनची गोळी डॉक्टरांनी लिहिली तर व्यसन लागेल म्हणून ती कपाटात ठेवू नये. कर्करोगाच्या वेदनेत ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत दिलेलं मॉर्फिन माणसाला झोप आणि भूक परत देतं.

जायचं कुठे? परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. तिथे हाडांच्या गाठींचा स्वतंत्र गट आहे, आणि शल्यचिकित्सक, केमोचे, रेडिएशनचे, एक्स-रेचे आणि पेशींचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात. अशी एकत्र बैठक जिथे होते ते ठिकाण निवडावं. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय केमो आणि रेडिएशनसाठी नगरकरांना जवळ पडतं. जामखेड-कर्जतकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय माहीत असतंच. तिथल्या टाटाच्या प्रकल्पाने १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. मोठी शस्त्रक्रिया मुंबईत आणि मधली केमो घराजवळ, अशी विभागणी बऱ्याचदा करून घेता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. शिधापत्रिका आणि आधार मूळ प्रतींसह न्यावेत. रेल्वेच्या स्लीपर वर्गात उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला भाडं माफ असतं, त्याचा फॉर्म रुग्णालय भरून देतं. राहायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती आहे. दोन्हीकडे गर्दी असते, म्हणून रुग्णालयाच्या समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटावं.

तुकडा आधीच कुठे काढून झाला असेल तर कागदी रिपोर्टवर भागत नाही. त्या प्रयोगशाळेकडून मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या पट्ट्या मागून घ्याव्यात, कारण नवं रुग्णालय त्या स्वतः पुन्हा पाहतं. उपचार संपल्यावर पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा दाखवायला जावं लागतं. त्यात श्रोणीबरोबर छातीचाही फोटो असतो. जुन्या फिल्म आणि सीडी टाकून देऊ नयेत. फुप्फुसात ठिपका दिसला की तो आजचा की तीन वर्षांपूर्वीचाच, हे त्या जुन्या फोटोशेजारी ठेवूनच ठरतं.